वरची चटई

दिलो वस्ती, नासिनू
रविवार दुपार

प्रिय लोसा,

परवा फोनवर तू सरळ विचारलंस, बाबा कांदावू बेटावर जाणार की इथेच राहणार, एवढं एकच सांग. आणि मी म्हटलं, हॉलचं उद्घाटन होऊ दे, मग सांगते. तुला वाटलं असेल मी टाळते आहे. टाळतच होते. तुझ्या बाबांनी, आमच्या तोमासीमामांनी, मार्चमध्ये बस चालवणं सोडलं, बेटावरच्या घरासाठी छपराचे पत्रे बोटीनं पाठवून दिले आणि नाताळानंतर इथलं घर चुलतभावाला देणार असं सगळ्या वस्तीला सांगून टाकलं. तुझी आई तिकडे ऑकलंडला तुझ्या बाळाला, सेरूला, सांभाळते आहे, तिला विचारायलासुद्धा ते थांबले नाहीत. वर तू म्हणालीस, ते गेले तर मी फिजीत यायचं तरी कुणाच्या घरी, सेरूला घेऊन होडीत बसू का? त्याचं उत्तर आज माझ्याकडे आहे. पण ते एका वाक्यात सांगितलं तर तुला पटणार नाही, मामांना माझ्यापेक्षा तू जास्त ओळखतेस. म्हणून पहिल्यापासून सांगते. चहा घेऊन बस. सेरू झोपली असेल तर फारच छान.

हॉल एकदाचा पुरा झाला. तू गेलीस तेव्हा नुसते खांब उभे होते आणि त्यांच्यावर कोंबड्या बसत. दर शनिवारी ज्याला सुट्टी असेल त्यानं येऊन हात लावायचा आणि बायकांनी ताविओकाचे कंद उकडायचे, असं करत करत भिंती चढल्या. लाऊ बेटांवरचा सेमिसी सुतार मुख्य. तो मामांना म्हणायचा, कांदावूच्या माणसानं खिळा ठोकला की खिळाच वाकून माफी मागतो. मामा म्हणायचे, लाऊच्या माणसानं बांधलेला हॉल आहे, आत येताना प्रत्येकानं आपापलं वल्हं आणा, कधी तरंगायला लागेल नेम नाही. नेहमीचंच. हसता हसता काम पुढे सरकत होतं, आणि या सगळ्यात मामा नाताळानंतर जाणार हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. नवं छप्पर घालताना ते सगळ्यांत वर चढून बसत, म्हणून सेमिसीनं एकदाच विचारलं, दुसऱ्याच्या घराचं छप्पर एवढ्या जिवानं कशाला घालतोस? मामांनी वरूनच पुढचा पत्रा मागितला.

समितीनं ठरवलं की उद्घाटनाला वस्तीचा इतिहास मी सांगायचा. कारण काय, तर मी पदवीधर. आई अजूनही सकाळी स्टॉपवर रोटीचं पार्सल देताना गिऱ्हाइकाला सांगते, ही माझी मुलगी, भूगोल शिकली आहे. लोक एका हातानं पार्सल घेतात, दुसऱ्या हातानं बसचा दांडा पकडतात आणि वर चढता चढता माझं अभिनंदन करतात. मला लाज वाटते, आणि खरं सांगू का, आवडतंही. भाषणात काय सांगायचं हे मी आधीच ठरवलं होतं. नासिनू सकाळी रिकामं होतं आणि संध्याकाळी भरतं. इथली माणसं दिवसाचा चांगला भाग सुवा शहराला देतात आणि थकवा तेवढा घरी आणतात. इथल्या माणसाला इथेच काम मिळालं पाहिजे, इथेच वाचनालय, इथेच दवाखाना. कचेरीत नकाशे बघून बघून माझ्या डोक्यात हे सगळं पक्कं बसलं होतं. फक्त सुरुवातीला थोडा इतिहास हवा होता, म्हणून घरोघर गेले.

लोसा, मला इतिहास भरपूर मिळाला, पण इथला नाही. सेमिसीनं त्याच्या बेटाजवळच्या उथळ समुद्राबद्दल इतकं सांगितलं की मला तिथले मासे नावानिशी पाठ झाले. पंडितजींनी लंबासाची नदी सांगितली, तिच्यावरचा पूल सांगितला, पुलावरून पडलेला त्यांचा बैल सांगितला. आमचे बाबा तर काय, उसाच्या शेतापासून सुरू झाले. शेताशेजारून जाणारी उसाची छोटी रेल्वे, बांधावरचा आंबा, मग जमिनीचा करार संपला तो दिवस, घराचे पत्रे उतरवून बोटीत घातले ती सकाळ. मी म्हटलं, बाबा, मग इथलं सांगा ना. ते जरा गोंधळले. म्हणाले, "इथलं काय सांगायचं? इथे तर आपण आलो." एवढंच. इतकी वर्षं सुवाच्या त्या इमारतीच्या दारात पहारेकऱ्याची नोकरी केली, रोज इथून गेले, रोज इथे परत आले, आणि सांगायला एक वाक्य.

मी शाळेतल्या पोरांनाही विचारलं, तुम्ही कुठले? लाऊ, कांदावू, लंबासा. एकानंही समुद्र ओलांडलेला नाही. हसू आलं, मग आठवलं, विद्यापीठातल्या पहिल्या दिवशी मला विचारलं तेव्हा मीही लंबासाची म्हणाले होते. आयुष्यात दोनदा गेले आहे मी तिथे, दोन्ही वेळा लग्नाला. तू तर दवाखान्यातल्या मुलाखतीतसुद्धा कांदावू सांगितलंस. आपण दोघी एकाच वादळाच्या वर्षी याच वस्तीत जन्मलो, तुझी आई आणि माझी आई एकाच टॅक्सीतून इस्पितळात गेल्या, हे आपण लोकांना गंमत म्हणून सांगतो, पत्ता म्हणून नाही. आपल्या आसपासच्या जागांची नावं तरी बघ. चार मैल, सात मैल, नऊ मैल. कुणाला विचारलं राहता कुठे, तर सुवापासून किती लांब ते सांगतो.

मग मी पुरुषांना विचारणं सोडलं आणि स्टॉपवरच्या बायकांना विचारायला लागले. तिथे जरा धागा सापडला. आधी इथे भातखाचरं आणि चरणाऱ्या गाई होत्या, रस्त्याच्या कडेला हे एक दिलोचं झाड. मग एकेक जण यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन डोंगरापलीकडच्या गावात इलाइतियांकडे जायचा, जमीन त्यांच्या कुळाची, आणि जागा मागायचा. त्यांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. घरं खांबांवर, खाली दलदल, सगळ्या वस्तीला मिळून एक नळ. आणि लोसा, चपला! मी विसरूनच गेले होते. चिखलातून यायचं ते रबरी चपलांनी, बूट पिशवीत. झाडाखाली आलं की नळावर पाय धुवायचे, बूट चढवायचे, चपला मुळांशी ठेवून बसमध्ये चढायचं. दिवसभर झाडाखाली चपलांची रांग. कुणी कुणाच्या चोरल्या नाहीत. संध्याकाळी बस आली की उलटा कार्यक्रम. आता रस्ता डांबरी झाला, नाल्या झाल्या, समोर एवढी मोठी दुकानं आली की सुवाची माणसं इकडे खरेदीला येतात. मुळांशी अजून जुन्या चपला रुतलेल्या दिसतात, दिलोनं अर्ध्या गिळून टाकल्या आहेत. मी भाषणात हे घालायचं ठरवलं.

तुला आठवतं ना, शेवटच्या फेरीला मामा बस डेपोला नेण्याआधी खाली उतरायचे आणि झाडाशी जाऊन यायचे? आपल्याला वाटायचं लघवीला जातात. आपण बसच्या खिडकीतून तोंड फिरवायचो. तसं नव्हतं, हे मला काल कळलं.

आता कालचा शनिवार सांगते.

सकाळपासून जमिनीतल्या भट्टीत लोवो लागलेला, डुक्कर एकीकडे, कोंबड्या आणि दालोचे कंद एकीकडे, आमच्याकडून मोठ्या पातेल्यात कद्दू आणि डाळ. चटया अंथरल्या. वरच्या टोकाला, यांगोना कालवायच्या लाकडी तानोआच्या मागे, यजमानांसाठी सगळ्यांत चांगली चटई, तुझ्या आईनं विणलेली, लोकरीच्या झालरीची. लोक यायला लागले आणि मला आधी कळलंच नाही की काय होतं आहे. लाऊची मंडळी आली, हातात जुडी, दारापाशी बसली. लंबासावाले आले, हातात जुडी, त्यांच्या मागे दारापाशी बसले. कांदावूची मंडळी मामांसह आली, जुडी, दारापाशी. पाद्रीबाबा आले, पंडितजी आले, दोघांनी एकमेकांना आग्रह करत करत दाराच्या जवळच्या जवळ जागा शोधली. सगळी वस्ती खालच्या बाजूला दाटीवाटीनं, एकमेकांच्या मांडीवर म्हटलं तरी चालेल, आणि वरची चटई रिकामी. सेमिसी माझ्या कानाशी म्हणाला, मी हॉल एकाच बाजूला भार पडेल म्हणून बांधला नव्हता.

प्रत्येकानं गृहीत धरलं होतं की घरचे म्हणून दुसरं कोणीतरी बसेल. हॉल आमचा, म्हणायला सगळे तयार होते, आणि सेवूसेवूची, म्हणजे पाहुण्यानं द्यायची, जुडी घेऊन आलेही सगळेच. तुला काय सांगायला हवं, जुडी पुढे ठेवल्यावर समोरून टाळी वाजवून ती कुणी घेतल्याशिवाय पाहुणा घरात आलाच नाही. जेवण नाही, भाषण नाही. बाहेर लोवो उघडून ठेवलेला, माश्या हाकणाऱ्या बायका ओरडून विचारत होत्या, झालं का. सगळ्यांची नजर इलाइतियांच्या वाटेकडे. ते आले की वर बसतील, जमीन त्यांचीच, प्रश्न सुटेल.

ते आले. कमरेचा सुलू इस्त्री केलेला, नातवाच्या खांद्यावर हात, आणि दुसऱ्या हातात जुडी. आत आले आणि वाकून, सरकत सरकत, दारापाशीच बसले. समितीवाल्यांनी वर चला म्हणून विनवलं. ते म्हणाले, "जमीन माझी, घर तुमचं. घरात आल्यावर मी पाहुणाच. मला कोण घेणार सांगा."

लाऊवाल्यांनी लंबासावाल्यांकडे पाहिलं, ते म्हणाले आम्ही सगळ्यांत शेवटी आलो. कांदावूवाल्यांनी लाऊवाल्यांकडे पाहिलं, ते म्हणाले आम्ही फक्त सुतार. पाद्रीबाबा म्हणाले माझी बदली होणार आहे. अगं, ते हसण्यावारी चाललं होतं, पण हळूहळू हसू थांबलं. इलाइतियांचं वय झालं आहे, त्यांना फार वेळ मांडी घालून बसवत नाही, आणि ते गुडघ्यावर हात ठेवून शांतपणे वाट बघत होते. मी माझं भाषण हातात धरून उभी. मला वाटलं आपण सांगावं, मी इथेच जन्मले, मी बसते. पण माझे पाय हलले नाहीत. मी वर बसावं असं मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी मामांकडे बघत होते. मामा चटईच्या काड्या मोजत असल्यासारखे खाली बघत होते. ज्याचे पत्रे बोटीत बसून पुढे गेले आहेत तो माणूस घरचा म्हणून कसा बसणार? जो सेवूसेवू घेतो त्याला मग पाहुणे सांभाळावे लागतात. आज घेऊन जानेवारीत निघून जाता येत नाही.

आणि आमचे बाबा बोलले. तुला माहीत आहे ते चार लोकांत कधी बोलत नाहीत. मामांना चिडवायचं असलं तरी कानात चिडवतात. ते बसल्या जागेवरून, जरा मोठ्या आवाजात म्हणाले, "तोमासी, या सगळ्यांना रोज संध्याकाळी इथे आणून सोडलं कुणी? मी की तू? झाडाखाली कुणाच्या चपला उरल्या ते बघितल्याशिवाय तू कधी बस डेपोला नेली नाहीस. माझ्या उरल्या तेव्हा बस उलटी वळवून सुवाला आलास, मला पायऱ्यांवर तापानं पडलेला उचलून आणलंस. आणि आज आम्हाला सगळ्यांना दारात बसवून तू चाललास कुठे, कांदावूवाल्या?"

मला हे माहीत नव्हतं, लोसा. तुला होतं? बाबांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. आईनं मान खाली घातली, म्हणजे तिला माहीत होतं. आणि हॉलमध्ये इकडून तिकडून आवाज यायला लागले, माझ्या पण उरल्या होत्या एकदा, माझ्या बायकोच्या उरल्या होत्या, त्या पुराच्या दिवशी.

मामा एकदम उठले, पाय मोकळे केले, डाव्या हातानं शर्ट ओढून नीट केला, अगदी बसमध्ये चढण्याआधी करायचे तसा, आणि वाकून, लोकांच्या मधून वाट काढत वर जाऊन तुझ्या आईच्या चटईवर बसले. बसले आणि आजूबाजूला बघून म्हणाले, "लंबासावाल्या, बोललास ना मोठं? मग ये वर. मी एकटा बसलो तर हे घर कसलं, ड्रायव्हरची सीट झाली."

बाबांचा चेहरा तू बघायला हवा होतास. इतकी वर्षं जो माणूस म्हणतो इथे आपण आलो, त्याला आता सगळ्यांसमोर उठून घरचा व्हायचं होतं. आईनं त्यांना कोपरानं ढोसलं. ते गेले. मग मामांनी माझ्याकडे बोट केलं आणि नुसती मान हलवली. या वेळी पाय हलले. त्या चटईवर मी बाबांच्या मागे बसले आणि समोर बघितलं, तर सगळी वस्ती आमच्याकडे तोंड करून. वस्ती अशी समोरून मी कधीच पाहिली नव्हती. नेहमी बसच्या रांगेत पाठच दिसते सगळ्यांची.

इलाइतियांनी जुडी पुढे सरकवली. त्यांच्या वतीनं बोलणाऱ्यानं सगळं रीतीनं म्हटलं. मामांनी टाळ्या वाजवल्या, जुडीला हात लावला आणि उत्तर द्यायला लागले. आणि जिथे जमिनीचं नाव घ्यायचं तिथे अडखळले. मला वाटलं सवयीनं कांदावू म्हणतील. ते म्हणाले, दिलोच्या वतीनं. पुन्हा एकदा म्हणाले, आपण बरोबर म्हणालो ना हे स्वतःच ऐकून बघितल्यासारखं. मग एकेक जुडी येत गेली, लाऊची, लंबासाची, कांदावूची सुद्धा, आणि ज्यांची घेतली ते सरकून सरकून वर यायला लागले. शेवटी खालची बाजूच रिकामी झाली. सेमिसी म्हणाला आता हॉल दुसऱ्या बाजूला कलणार.

माझं भाषण झालंच नाही. जेवण निवलं होतं, लोक भुकेले होते, समितीवाले म्हणाले तू दिवाळीला कर. मला वाईट वाटेल असं त्यांना वाटलं. वाटलं नाही. दवाखाना, वाचनालय, इथल्या माणसाला इथेच काम, ते मी सोडणार नाही, तू हसू नकोस. पण आधी ते कुणासाठी मागते आहे हे मला नीट सांगता येत नव्हतं. आता येईल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात तुला कळलंच असेल. बेटावर गेलेल्या पत्र्यांचं काय, तर मामा म्हणतात तिथल्या चर्चचं छप्पर गळतं, भाऊ घालून घेईल, चांगले पत्रे आहेत. चुलतभावाला आता घर नाही, फक्त मागची खोली देणार. हे सगळं आज सकाळी कळलं. आई रोट्या लाटत होती, तर मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. आत ये म्हटलं तरी येईनात. चहा उभ्यानंच घेतला. मला वाटलं हॉलचा हिशेब वगैरे असेल. मग म्हणाले, तू लोसाला पत्र लिहिणार आहेस ना. मी म्हटलं तुम्हीच फोन करा की. तर म्हणाले, फोनवर ती लगेच उत्तर देते, मला नको आहे लगेच उत्तर. आणि मग जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण तसंच लिही म्हणाले: "लोसाची नाळ मी बेटावर नेऊन पुरली, वर रोप लावलं. झाड तिकडे वाढलं, पोर इकडे वाढली. सेरूचं तसं नको करायला. तिला विचार, इथे चालेल का."

तर लोसा, या पत्राचं कारण हे. सेरूची नाळ तुझ्या आईनं आगपेटीत कापसावर जपून ठेवली आहे. मामांनी तुमच्या घरामागे, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या पलीकडे, खड्डा खणून ठेवला आहे. सेमिसीनं लाऊच्या नारळाचं रोप आणून दिलं, कांदावूवाल्याच्या अंगणात लाऊचा नारळ, आता जन्मभर ऐकवणार आहे. आमचे बाबा रुसले आहेत, त्यांना आंबा हवा होता. खड्ड्यात पाणी साठू नये म्हणून मामांनी वर पत्रा टाकला आहे, बोटीत जागा नव्हती म्हणून उरलेला एक, आणि येता जाता तो उचलून आत बघतात. मी ही ओळ लिहिते आहे तेव्हाही कुंपणापलीकडे त्याच पत्र्याचा आवाज आला. नाताळात येशील तेव्हा ती आगपेटी आठवणीनं घेऊन ये.

तुझीच, आणि कुणी विचारलं तर आता दिलोची,
आरिश्मा